लाल फुली आणि तिचे कारण

गणित म्हटले की आमच्या पिढीतील अनेकांच्या पोटात गोळा येत असे. प्रस्तुत लेखकाने तर त्याच धास्तीने कला शाखेची वाट धरली. आज आपल्या घरांतील मुले-मुली विज्ञान व अभियांत्रिकीकडे वळली आहेत, ही अभिमानाची बाब आहे. मात्र त्यांचा गणिताचा गृहपाठ आता अनेक ठिकाणी वहीऐवजी संगणकावर तपासला जातो. हा बदल पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

माझी पुतणी पुण्यातील एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होती, तेव्हाची गोष्ट. दोन साइन एक्स कॉस एक्स याचे इंटिग्रेशन करायचे होते. तिने लिहिले, उणे कॉस वर्ग एक्स अधिक सी. पडद्यावर लाल फुली! यंत्रातील उत्तर होते, साइन वर्ग एक्स अधिक सी. वस्तुतः दोन्ही उत्तरे बरोबर. साइन वर्ग व कॉस वर्ग यांची बेरीज नेहमी १ असते. म्हणून या दोन उत्तरांत केवळ १ चा फरक पडतो आणि तो 'सी' या स्थिरांकात सामावतो. हे आम्हांला शेजारच्या निवृत्त गुरुजींनी समजावले. पण तोवर "काका, मला गणित जमणार नाही" असे तिने ठरवूनही टाकले होते.

येथे यंत्र गणित तपासत नव्हते, नुसती अक्षरे जुळवत होते. दुसरी सोपी पद्धत चार पर्यायांची. कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांनी घेतल्या. त्या संकटात तो मार्ग व्यवहार्य होता. रोजच्या गृहपाठाला मात्र तो पुरत नाही. इंटिग्रेशन न करता चारही पर्यायांचे उलट डिफरन्सिएशन करून मुले उत्तर हुडकतात. गुण मिळतात, शिकणे राहून जाते.

यावर उपाय निघालेले आहेत. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात मायकेल गेज व आर्नोल्ड पायझर यांनी १९९० च्या दशकात 'वेबवर्क' तयार केले. पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात ख्रिस सँगविन यांनी 'स्टॅक' उभारले. दोन्ही विनामूल्य आहेत. स्टॅकच्या पाठीशी 'मॅक्सिमा' ही बीजगणित करणारी प्रणाली असते. ती विद्यार्थ्याच्या उत्तराचे डिफरन्सिएशन करून मूळ राशी परत येते का, हे पाहते. 'सी' राहिला असेल तर तसे सांगते. प्रत्येकाला आकडे वेगळे देता येतात. त्यामुळे मित्राला रीत विचारता येते, उत्तर उतरवता येत नाही. केनियातील मसेनो विद्यापीठातही स्टॅक वापरात आले आहे.

आम्ही बँकेत धनादेश परत करतो तेव्हा सोबत कारणाची चिठ्ठी जोडतो : सही जुळत नाही, शिल्लक अपुरी आहे. चिठ्ठीविना धनादेश परत आला तर खातेदाराने काय दुरुस्त करावे? गृहपाठाचेही तसेच आहे. लाल फुलीसोबत कारण हवे, पुन्हा प्रयत्नाची संधी हवी, आणि सूचना मराठीतही हव्यात. इंग्रजीत अडखळणारे मूल गणितात कच्चे असतेच असे नाही.

अर्थात यंत्र आपण होऊन शहाणे होत नाही. मुले कोठे चुकतात हे ओळखून प्राध्यापकांनाच त्या चिठ्ठ्या आधी लिहून ठेवाव्या लागतात. त्यासाठी त्यांना वेळ मिळाला पाहिजे. सिद्धता आणि पायऱ्या यांसाठी वहीही राहिलीच पाहिजे.

पुतणी दुसऱ्या दिवशी वही घेऊन आपल्या मॅडमकडे गेली. त्यांनी दोन्ही उत्तरे फळ्यावर मांडली, तेव्हा तशीच फुली मिळालेली आणखी काही मुले पुढे आली. ती तोवर गप्प होती. ज्यांच्या घरात गणित शिकलेले कोणी नाही, ती मुले यंत्राचा शब्द अखेरचा मानतात. तेव्हा पालकहो, पालकसभेत गुण जरूर विचारा. पण चुकलेल्या उत्तराचे कारण मुलाला कळते का, हेही आवर्जून विचारा.