यंत्रास ओळख कां पटत नाहीं?

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून संस्थेचें, दुकानाचें किंवा शाळेचें संकेतस्थळ घरीं बसून सांभाळणारें कोणी ना कोणी असतें. कोठें तो धाकटा चिरंजीव असतो, तर कोठें सूनबाई. तें संकेतस्थळ ज्या संगणकावर राहतें त्यास सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर बहुधा परगांवीं, कित्येकदां परदेशीं असतो. त्याचा कारभार दुरून चालविण्यासाठीं जीं साधनें निघालीं आहेत, त्यांत १९९६ सालीं अमेरिकेंत जन्मास आलेलें सीपॅनेल बरेंच रूढ आहे. त्याच्या वापरांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. परवलीचा शब्द बरोबर देऊन प्रवेश मिळतो, काम निम्मेंअधिक होतें, आणि एकाएकीं दार बंद होऊन 'पुन्हां प्रवेश करा' अशी आज्ञा समोर येते. काम करणारा वैतागतो, आणि वडील मंडळी 'यंत्र बिघडलें' असा निकाल देऊन मोकळी होतात. आमच्या मतें यंत्र येथें बहुधा बिघडलेलें नसतें, उलट आपलें कर्तव्यच करीत असतें. तें काय विचारीत आहे, एवढें समजून घेतलें पाहिजे.

मूळ कारण असें कीं, संकेतस्थळाशीं बोलण्याची जी रीत टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९९० च्या सुमारास बसविली, तींत स्मरणशक्तीस जागाच ठेवलेली नाहीं. सर्व्हरपुढें येणारी प्रत्येक विनंती नवी. मागच्या क्षणीं कोण बोललें हें त्यास ठाऊक नसतें. दुर्वासाच्या शापानें दुष्यंतास शकुंतलेचा विसर पडला तो कांहीं काळच. हा राजा मात्र जन्मतःच शापित आहे! म्हणून तेथें जशी अंगठी, तशी येथें एक खूण लागते. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू मॉन्टुली यांनीं ही योजना काढली व तिला कुकी हें नांव पडलें. परवलीचा शब्द एकदां पटला कीं सर्व्हर एक लांबलचक गुप्त खूण ब्राउझरच्या हवालीं करतो, आपल्याजवळ तिची नोंद ठेवतो, आणि पुढील प्रत्येक विनंतीबरोबर ती खूण मागतो. या दोहोंचा मेळ बसतो तोंपर्यंतच्या काळास सत्र, म्हणजे सेशन, म्हणावें.

पण शाकुंतलांतीलच पुढचा भाग पाहा. अंगठी कोळ्याच्या हातीं दिसतांच राजाच्या शिपायांनीं त्यास चोर समजून धरलें. खूण खरी होती. ती बाळगणारा मात्र भलताच होता. तीच शंका सीपॅनेल घेतें. कुकी चोरणारास परवलीच्या शब्दाची गरजच उरत नाहीं. म्हणून खुणेबरोबर आणखी दोन पुरावे तपासले जातात. पहिला, विनंती कोणत्या आय-पी पत्त्यावरून आली. दुसरा, पानाच्या पत्त्यांत 'सीपीसेस' या अक्षरांपुढें येणारी संख्या, जी दर प्रवेशास नवी निघते.

एवढें समजलें म्हणजे निदान कठीण नाहीं. प्रथम संदेश शांतपणें वाचावा. पत्ता बदलल्याचा संदेश असेल, तर घरच्या वायफायवरून मोबाईलच्या जाळ्यावर झालेली उडी किंवा मध्येंच तुटलेलें व्हीपीएन हें कारण असावें. काम संपेपर्यंत एकच जोडणी धरून राहावें. सुरक्षेची खूण सांपडत नसल्याचा संदेश असेल, तर बहुधा बुकमार्क जुना असून त्यांतील संख्या शिळी झालेली असते. सर्व्हरचें नांव व पुढें २०८३ हा पोर्ट-क्रमांक, मुख्य व्यवस्थापकासाठीं २०८७, एवढेंच जतन करावें. कुकीच अमान्य होत असेल, तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून पाहावी. तेथें काम चाललें तर त्या एका स्थळाच्या कुकी पुसून टाकाव्या.

अडचण एकट्याची नसून सर्वांचीच असेल, तर दोष सर्व्हरच्या बाजूस शोधावा. सत्रांच्या नोंदी डिस्कवर लिहिल्या जातात. डिस्क भरली कीं नवी नोंद होत नाहीं, आणि खरा धनीही परका ठरतो. सीपॅनेलच्या 'सेशन-लॉग' या दप्तरांत कोणतें सत्र केव्हां सुरू झालें व कां मिटलें हें सांपडतें. घड्याळही पाहावें. व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या साधनांत प्रवेशाचें तिकीट दोन तासांचें असतें. जोडलेल्या यंत्रांचीं घड्याळें एकमेकांशीं जुळलीं नाहींत, तर ताजें तिकीटही अवैध ठरूं शकतें. घाईनें तोच शब्द पुन्हां पुन्हां टंकणें मात्र घातक आहे. सीपॅनेलमधील 'सीपीहल्क' नांवाचा पहारेकरी चुकीचे प्रयत्न मोजतो, आणि मर्यादा ओलांडली कीं कांहीं वेळ बरोबर शब्दही नाकारतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पत्त्याची तपासणी कडक ठेवावी, सैल करावी कीं बंद करावी, हें ठरविण्याची सोय सीपॅनेलमध्यें आहे. सैल केली तर शेजारचे, म्हणजे पहिले तीन अंक-गट तेच असलेले, पत्तेही चालतात. कटकट टाळण्यासाठीं ती पार बंद करावी असा मोह पुष्कळांस होतो. परंतु या एका दारामागें सर्व संकेतस्थळें, पत्रव्यवहार व लोकांनीं विश्वासानें दिलेली माहिती असते. ज्यांचा पत्ता खरोखरच वारंवार बदलतो त्यांनीं फार तर सैल पर्याय घ्यावा. इतरांनीं कडक पर्यायच ठेवावा. दहा वेळां आपल्यालाच अडविणारा द्वारपाल अकराव्या वेळीं चोरास अडवितो. म्हणून त्यास हांकलून न देतां, आपली ओळख त्यास कशी पटेल हें घरांतील त्या कर्त्या माणसानें शिकून घ्यावें, आणि इतरांनीं त्यास त्यासाठीं थोडी उसंत द्यावी.