मार्कंडा म्हणजे तीन मोजे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याला मी गेलो होतो बांबूकाम बघायला. एका अंगणात भिंतीला टेकवलेली दांड्याची काळी सायकल दिसली आणि बांबू बाजूलाच राहिला. सायकलीचा डावा क्रँक उजव्यापेक्षा आखूड होता. तुटला असेल, मिळाला तो बसवला असेल, असं वाटलं. तेवढ्यात खाटेवर बसून डाव्या पायाचा पट्टा सोडणारे घरमालक म्हणाले, "तो मुद्दाम आखूड केला जी. मले तेवढाच पुरते." गुडघ्याखाली वीतभर पाय शिल्लक होता. पुढे प्लास्टिकची नळी आणि रबराचं पाऊल.

सगळे त्यांना काकाजी म्हणतात, मीही म्हणू लागलो. त्यांचा पाय लाकडाच्या ट्रकखाली गेला. त्या दिवसाबद्दल ते एका वाक्यात बोलतात, सायकलीबद्दल तासभर. आधी दर महाशिवरात्रीला ते सायकलने मार्कंड्याला जात. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, नदीकाठच्या जुन्या कोरीव देवळांपाशी मोठी जत्रा भरते. पाय गेल्यावर पुतण्याने मोटारसायकलवर नेऊन आणलं. "दर्शन झालं, पण जत्रा नाई झाली," असं ते त्या खेपेबद्दल सांगतात.

पाय शिबिरात मिळाला, जयपूर फूट. 1968 मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्र. क. सेठी यांनी तो जयपूरला घडवला, तो आपल्या माणसाचं जगणं बघून. अनवाणी चालता यावं, चिखलात उतरता यावं, उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी. 1975 मध्ये डी. आर. मेहतांनी स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट देते. शेतातल्या माणसासाठी इतकी शहाणी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. पण तिचा विचार चालण्यापासून सुरू झाला. चालताना गुडघा साठेक अंश वाकतो. सायकलचं पायडल वर आलं की तो शंभराच्या पुढे जातो. मग नळीची मागची कड गुडघ्यामागच्या शिरेत रुतते, दर फेरीला एकदा. काकाजींनी पहिल्यांदा सायकल काढली तेव्हा गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन ते परत फिरले. कातडं सोललं होतं.

इथे शिबिर संपलेलं असतं. शिबिरात माप घेतात, पाय बसवतात, फोटो काढतात; किती पाय वाटले याचा आकडा फलकावर येतो. उरलेला पाय मात्र त्या मापावर थांबत नाही. सुरुवातीचे कित्येक महिने तो आटत जातो, आणि पुढेही सकाळी भरलेला असतो, दुपारी उतरतो. नळी ढिली झाली की आतलं हाड आपटायला लागतं. त्यावर उपाय एकच, आतला मोजा काढायचा, घाम पुसायचा, कोरडा मोजा चढवायचा आणि लागेल तसा वर आणखी एक. काकाजी अंतरं आता मोज्यांत सांगतात. मूल गाव दोन मोजे. मार्कंडा तीन मोजे. उन्हं तापली की मूललाही तीन. मी किलोमीटर विचारले तर म्हणाले, "ते गाडीवाल्यायले विचारा."

तो मोजा उतरवला की येणारा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. घाम, तापलेलं रबर आणि रात्री चोळलेलं खोबरेल. तेल रात्रीच लावायचं, सकाळी लावलं तर पाय नळीत घसरतो, हेही त्यांना कुणी शिकवलं नाही, जखमेने शिकवलं.

क्रँकची युक्ती रस्त्याकडेच्या टपरीतल्या मेकॅनिकची. तो दुकान मांडता मांडता सांगत होता. "एक इंच भाऊ, फक्त एक इंच." मोठ्या सायकलचा डावा क्रँक त्याने कॉटर ठोकून काढला आणि पोरांच्या सायकलचा बसवला. क्रँक इंचभर आखूड झाला की पायडल वर येताना एक इंच खाली राहतं, गुडघा तेवढा कमी वाकतो, कड रुतत नाही. खाली जाताना ते एक इंच वरच थांबतं, म्हणून सीटही जपून लावावी लागते. फार वर केली तर उजवा पाय पुरत नाही. रबरी पावलाला घोटा वळवता येत नाही, ते घसरतं. त्यासाठी पायडलला जुन्या ट्यूबची पट्टी बांधली, इतकी सैल की पडताना पाय सुटावा. "एक इंच," तो पुन्हा म्हणाला. पैसे किती घेतले, हे दोघांनीही सांगितलं नाही.

सायकल आणि मोडलेलं शरीर यांची गाठ या जिल्ह्याने आधीही पाहिली आहे. डिसेंबर 1985 मध्ये वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. वय सत्तरीपुढे, पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बसता येत नव्हतं; बाबा गाडीत आडवे आणि शंभरावर तरुण पोरंपोरी सायकलींवर. बाबांच्या यात्रेला शंभरावर पायांच्या जोड्या होत्या, काकाजींना एक मेकॅनिक मिळाला. पुनर्वसन म्हणून मी आजवर जे ऐकलं, त्यात या टपरीचा उल्लेख कुठेच नव्हता.

सकाळी त्यांच्याबरोबर थोडा सायकलवर गेलो. पळस पेटला होता, मोहाची फुलं अजून पडायची होती. त्यांची चेन एका लयीत चालत नाही. उजवा पाय जोर लावतो, डावा सोबत करतो. त्यामुळे सायकल दर फेरीला किंचित झटका खाते. उतरताना ते सायकल उजवीकडे कलवतात. एकदा घाईत डावीकडे कलली, रबरी पाय रस्त्यावर आधी टेकला आणि ते पडता पडता वाचले. पाणी पिऊन मोजा बदलला, पाच मिनिटं गेली. शहरात ब्रेव्हे म्हणून सायकलफेऱ्या होतात, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, असं मी बोलता बोलता सांगितलं.

"मोजे बदलाले वेळ देतेत का?"

"घड्याळ थांबत नाही, काकाजी."

"मंग ते आपल्या कामाचं नाई."

महाशिवरात्रीला ते मार्कंड्याला पोचले होते. मोटारसायकलवाला पुतण्या मागून आला, पिशवीत कोरडे मोजे घेऊन. एका स्थानिक मंडळाला त्यांचा सत्कार करायचा होता. काकाजी गेले नाहीत. शाल नको, पाऊल बदलून पाहिजे, असा निरोप त्यांनी धाडला. रबराला टाचेशी चीर गेली आहे आणि पुढचं शिबिर कधी, ते कुणाला ठाऊक नाही.

टपरीवाल्याकडे आता दुसरा माणूस आला आहे, त्याचा उजवा पाय गेलेला. मेकॅनिक त्यावर डोकं खाजवतो आहे. डावा क्रँक सुटा निघतो, उजव्याला मोठं चक्र जोडलेलं असतं; पोरांच्या सायकलचा बसवायचा तर चक्रही बदलणार, चेनही. क्रँकलाच इंचभर आत भोक पाडून आटे पाडणं हा एक मार्ग. उजव्या पायडलचे आटे सुलटे असतात, डाव्याचे उलटे, म्हणून हे काम त्यातल्या त्यात सोपं; पण आटे पाडायचं हत्यार त्याच्याकडे नाही, चंद्रपूरला जावं लागेल. त्या माणसाला त्याने बाजाराच्या दिवशी बोलावलं आहे, आणि काकाजींनाही, मोजे घेऊन.