गोदाकाठ ते खाडीकाठ : कोकणातील जोडगावांची जलवाट

जालना जिल्ह्यातील शहागड येथे संभाजीनगर-बीड महामार्ग गोदावरी ओलांडतो. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरच्या आसपास उगम पावणारी ही नदी त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावरील नद्यांचे वर्तन नेमके उलट आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या तीव्र उतारावरून उतरतात आणि थोडक्याच अंतरात समुद्राला भेटतात. या भेटीच्या जागी ज्या खाड्या निर्माण झाल्या, त्यांच्या काठावर कोकणातील मासेमारी गावे वसली. पुलांअभावी आजवर टिकून राहिलेले त्यांचे वेगळेपण आता बदलाच्या उंबरठ्यावर आहे.

फियॉर्ड आणि खाडी

डोंगरांच्या कुशीत शिरलेले पाणी पाहून अनेक पर्यटकांना नॉर्वेतील फियॉर्डची आठवण होते. साम्य दिसते ते वरवरचे. फियॉर्ड हिमनद्यांनी कोरलेले असतात. नॉर्वेतील सोग्नेफियॉर्ड २०० किलोमीटरहून अधिक लांब असून त्याची खोली काही ठिकाणी १,३०० मीटरहून जास्त आहे. कोकणात हिमनद्या नव्हत्या. शेवटच्या हिमयुगानंतर जगभर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वाढली, तेव्हा येथील नद्यांच्या मुखाकडील दऱ्या पाण्याखाली गेल्या. अशा बुडालेल्या नदीमुखांना भूगोलात ‘रिया’ म्हणतात. खाड्या म्हणूनच उथळ आहेत. डोंगरांतून येणारा गाळ त्यांच्या तळाशी साचतो, मुखाशी वाळूचे दांडे तयार होतात आणि काठावर खारफुटी वाढते.

समोरासमोरची गावे

खाडीकाठच्या गावांचे वैशिष्ट्य म्हणजे ती बहुधा जोडीने वसलेली आहेत. राजपुरी खाडीवर आगरदांडा आणि दिघी, सावित्रीच्या बाणकोट खाडीवर बागमांडला आणि वेसवी, वाशिष्ठीच्या मुखाजवळ दाभोळ आणि धोपावे, शास्त्रीच्या मुखाशी जयगड आणि तवसाळ. पलीकडची घरे डोळ्यांना स्पष्ट दिसतात, परंतु रस्त्याने तेथे जायचे तर खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. दाभोळहून धोपाव्याला चिपळूणमार्गे जाण्यासाठी सुमारे शंभर किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक प्रवास होतो, पाण्यातून मात्र काही मिनिटे पुरतात. दाभोळ-धोपावे मार्गावर २००३ मध्ये वाहने वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. पुढे इतर खाड्यांवरही ही सोय झाली आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारा प्रवास सुकर झाला.

ही गावे आडवळणाची वाटली तरी त्यांचा देशावरील बाजारपेठांशी संबंध जुना आहे. शहागडच्या वरच्या अंगाला गोदाकाठीच असलेले पैठण ही सातवाहनांची राजधानी. तेथून नाणेघाटासारख्या घाटवाटांनी माल कोकणातील बंदरांकडे जात असे. राजपुरी खाडीच्या परिसरातील कुड्याची बौद्ध लेणी त्याच प्राचीन काळातील वर्दळीची साक्ष देतात. मध्ययुगात दाभोळ हे मोठे बंदर होते. रशियन प्रवासी अफानासी निकितीन १४७० च्या दशकात येथूनच परतीच्या प्रवासाला निघाला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने हे शहर जाळले. आजचे शांत दाभोळ पाहताना हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

भरतीचे घड्याळ

खाडीकाठचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ती काढण्याचा किनाऱ्यावरील ढोबळ हिशोब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याची चढउतार सर्वांत मोठी असते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती कमी होते, तो भांग.

मासेमारीही याच प्रवाहावर अवलंबून असते. डोल जाळे प्रवाहाच्या तोंडाशी खुंटांना बांधून ठेवतात आणि पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप त्यात शिरते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात स्त्रिया तिसऱ्या वेचतात आणि खडकांवरची कालवे फोडतात. यांत्रिक नौकांची मासेमारी पाहायची असेल तर बाणकोट आणि दाभोळ यांच्या दरम्यान, खुल्या समुद्रालगत असलेल्या हर्णैला थांबावे. सुवर्णदुर्गासमोर भरणारा तेथील मासळीचा लिलाव प्रसिद्ध आहे.

पुलांनंतर काय?

रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना १९८० च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या काळात पुढे आली. बाणकोट खाडीवरील पुलाचे काम दीर्घकाळ रखडले होते. अलीकडे राज्य रस्ते विकास महामंडळाने प्रमुख खाड्यांवरील पुलांचे प्रस्ताव पुन्हा हाती घेतले आहेत. पुलाची गरज नाकारता येणार नाही. रात्री फेरीबोट बंद असताना रुग्णाला न्यायचे कसे, हा प्रश्न खाडीकाठच्या प्रत्येक घराला पडलेला असतो. बर्फात ठेवलेली मासळीही वेळेत बाजारात पोहोचली तरच तिला भाव मिळतो. मात्र ज्या धक्क्यावर प्रवासी अर्धा तास थांबतात, तेथेच चहाचे दुकान, खानावळ आणि सुक्या मासळीची टोपली चालते. वाहने पुलावरून थेट निघून गेली तर या गावांत थांबण्याचे कारण उरणार नाही. पुलांच्या जोडीने धक्के, मासळी बाजार आणि घरगुती निवासाच्या सोयी उभ्या राहतात का, यावरच त्यांचे भवितव्य ठरेल.

जाताना

मराठवाड्यातून निघणाऱ्यांना अहिल्यानगर, पुणे आणि ताम्हिणी घाटमार्गे माणगावला उतरून दिघी गाठता येते. तेथून बागमांडला, हर्णै, दाभोळ आणि जयगड असा क्रम सोयीचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि समुद्र खवळलेला असल्याने जलप्रवासही बेभरवशाचा ठरतो. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचाराव्यात. लिलावात छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, कारण पाहुण्यांसाठी ते दृश्य असले तरी तेथील माणसांसाठी तो रोजचा हिशोब असतो.