जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा की बोर्डच? पैसे टाकण्याआधी हे बघा

रामपायली (जि. बालाघाट) : धानाचं पंजीयन, समग्र आयडीची ई-केवायसी, खसऱ्याची नक्कल, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही सगळी कामं गावातल्या ऑनलाइन सेंटरवर एखाद-दुसऱ्या डेस्कटॉपवर चालतात. रामपायली असो, वारासिवनी असो की सीमेपलीकडचं गोंदिया-तिरोडा, काउंटरवरचं मशीन बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वर्षांचं झालंय. फॉर्म अर्ध्यावर आला की स्क्रीन गोठते, बाहेर लाइन वाढते आणि शेजारचा कोणीतरी सांगतो, "प्रोसेसर बदलून टाका ना."

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. मशीन चालतंय, पण नवीन सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे अपडेट आपोआप येत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवर फोटो असतात. सेंटरच्या मशीनवर अख्ख्या गावाचे आधार आणि पासबुक स्कॅन करून ठेवलेले असतात, त्यामुळे तिथे दुर्लक्ष करून चालत नाही.

पण आधी दुखणं कुठं आहे ते बघावं. मशीन अडकलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन बटना एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभरवर दिसली, तर प्रोसेसरचा काही दोष नाही. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क दम तोडतेय. तिच्या जागी साटा एसएसडी लावली आणि रॅम चारची आठ जीबी केली, तर चौथ्या पिढीचं आय-३ मशीनसुद्धा ब्राउझर, स्कॅनर आणि प्रिंटरच्या कामाला पुरतं. एच-८१ चिपसेटच्या बोर्डांवर साटाचे सगळे पोर्ट सारख्या वेगाचे नसतात. दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ चे. एसएसडी वेगवान पोर्टलाच लावायला सांगा, मेकॅनिक घाईत असला की हे हमखास राहून जातं.

आता प्रोसेसरची गोष्ट. तो बोर्डावर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि इंटेल दर दोन-एक पिढ्यांनी सॉकेट बदलतं. दुसरी-तिसरी पिढी ११५५ वर, चौथी ११५० वर, बारावी ते चौदावी १७०० वर. म्हणजे २०१३ चा आय-३ ४१३० काढून त्याच बोर्डावर फार तर चौथ्या पिढीचा आय-७ ४७७० बसेल, तोही वापरलेला. दोन कोरचे चार होतील, काम थोडं हलकं होईल. पण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट अशी अट घातली आहे. आय-३ असो की आय-७, चौथी पिढी त्या रेषेच्या अलीकडेच राहते. अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतात, पण तसल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. जुना आय-७ घेणं म्हणजे जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढण्यासारखं आहे.

सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांची फसगत वेगळीच होते. त्यांचा सॉकेट ११५१. आठव्या-नवव्या पिढीचाही ११५१ च. दुकानदार म्हणतो, "बसून जाईल." बसतो खरा, पण चालू होत नाही, कारण पिनांची अंतर्गत जोडणी बदललेली आहे. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. उलट, आठव्या पिढीचं मशीन असूनही "विंडोज ११ चालत नाही" असा संदेश आला, तर बायोसमध्ये टीपीएम बंद आहे का बघा. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी या नावाने असतं. तेवढं चालू केलं की बरेचदा काम होतं, खर्च शून्य.

नुसता प्रोसेसर बदलून खरा फायदा होतो तो एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर. रायझन १००० पासून ५००० पर्यंतच्या मालिका त्याच सॉकेटवर आल्या. बी-४५० बोर्डावर रायझन ३ १२०० किंवा २२००जी असेल (दोन्ही विंडोज ११ च्या यादीत नाहीत) तर आधी बायोस अपडेट करून ५६००जी बसवता येतो. बोर्ड तोच, रॅम तीच. आपल्या बोर्डाच्या पानावर कंपनीने त्या प्रोसेसरचं नाव दिलंय का, एवढं तपासा. आणि बायोस अपडेट करताना यूपीएस हवाच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो, आणि आपल्याकडे लाइटचं काय सांगावं!

बाकीच्यांना बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तिन्ही एकदम बदलावं लागतं. यालाच प्लॅटफॉर्म बदलणं म्हणतात. यात सगळ्यात खुपतो तो सध्या रॅमचा खर्च. २०२५ च्या शेवटापासून भाव चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा क्रूशियल ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून घरात काय आहे ते आधी बघा. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनमध्ये बहुधा डीडीआर-४ असते. एच-६१० चिपसेटचे बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. डीडीआर-४ चा बोर्ड घेतला तर जुनी रॅम कामी येते. चौथ्या पिढीवाल्यांची बहुतेक डीडीआर-३, ती नव्या बोर्डावर बसत नाही.

स्वस्त म्हणून आय-३ १२१००एफ घेऊ नका. त्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. बिनएफचा १२१०० घ्या. त्यातही चार कोर, आठ थ्रेड म्हणजे कागदावर जुन्या आय-७ ४७७० एवढेच, पण एकेक कोर कितीतरी जास्त वेगवान. मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, नव्या बोर्डावर ते धरू नका. तोही खर्च हिशेबात घ्या.

नागपूरहून येणारे कंपन्यांचे वापरलेले ब्रँडेड डेस्कटॉप हा बरा पर्याय आहे, फक्त आकडा नीट वाचायचा. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०५० सहाव्या-सातव्या पिढीचा आणि ३०६० आठव्या. डबे दिसायला जवळपास सारखेच. पैसे ३०६० लाच द्यावेत.

पक्कं बिल मागा. नियमित जीएसटी भरणाऱ्या सेंटरला नव्या मालावरचा १८ टक्के कर इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, कंपोझिशनवाल्याला नाही. हिशेबाची पुस्तकं ठेवणाऱ्याला कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा धरता येतो. अनुमानित उत्पन्नावर कर भरणाऱ्याला तो वेगळा मिळत नाही.

आज पैसेच नसतील तर? एसएसडी टाकून विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना घेता येते. ती व्यक्तिगत वापराच्या मशीनसाठी आहे. मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर तिला पैसे लागत नाहीत. पण मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि तेव्हाच खरिपाच्या धानाच्या पंजीयनाची धावपळ असते. मशीन बदलायचंच असेल तर पावसाळ्यात, गिऱ्हाईक कमी असताना बदलावं. लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, पण बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि टॅली त्यावर चालेल का हे आधी करून बघा. मुलांच्या टायपिंगच्या सरावाला मात्र उत्तम.

जुनं मशीन विकताना हार्ड डिस्क काढून ठेवा. नुसत्या डिलीट केलेल्या फायली परत काढता येतात, आणि त्यात गावाचे आधार आहेत.