आधी धूर बघा, मग बॅटरीला बोल लावा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी टाकतो. डिझेलच्या इंजिनात मात्र नुसती हवा दाबून इतकी तापवतात, की डिझेलचा फवारा आत पडताच आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला असं इंजिन चालवून दाखवलं आणि आजच्या बीएस-६ ट्रकातही मूळ तत्त्व तेच आहे. त्यामुळे थंडीच्या पहाटे गाडी सेल्फवर नुसती घरघरते आणि उचलत नाही, तेव्हा प्रश्न दोनच उरतात. डिझेल आत पोचतंय का? आणि पोचत असेल, तर ते पेटण्याइतकी हवा तापतेय का? ड्रायव्हर आणि मेस्त्री मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याच ठिकाणाहून सुरुवात करतात: नवी बॅटरी.

हवा तापण्याचं गणित बघण्यासारखं आहे. ट्रकच्या इंजिनात हवा साधारण सतरा पट दाबली जाते. पुस्तकी सूत्राने २७ अंश सेल्सिअसची हवा त्यामुळे साडेसहाशे अंशांवर जाते, उणे १५ ची सव्वापाचशेच्या आसपास. डिझेलला स्वतःहून पेटायला सव्वादोनशे-अडीचशे अंश पुरतात. मग अडतं कुठे? सूत्र धरून चालतं की उष्णता जराही बाहेर जात नाही. खऱ्या इंजिनात रात्रभर गारठलेलं लोखंड ती ओढून घेतं आणि रिंगांच्या फटींतून दाबलेली हवाही निसटते. सेल्फ इंजिनाला जितकं सावकाश फिरवेल, तितका या दोन्ही गळत्यांना वेळ जास्त. मिनिटाला दीडशे फेऱ्यांवर सहज पेटणारं इंजिन ऐंशी फेऱ्यांवर पेटत नाही, ते एवढ्याचसाठी. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावात हवाच विरळ, म्हणजे दाबायला मुळात भांडवल कमी.

इथे बॅटरीचा भाग येतो, आणि तिला पुरतं निर्दोष सोडताही येत नाही. थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला तिची ताकद ढोबळमानाने दोन तृतीयांश उरते, उणे १८ ला निम्म्याहूनही कमी. त्याच वेळी इंजिन ऑइल दाट होऊन फिरवायला जोर जास्त लागतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत १५डब्ल्यू-४० ऑइल असतं. त्यातल्या १५डब्ल्यू या दर्जाची थंडीतली चाचणी उणे २० अंशांवर होते, तर ५डब्ल्यूची उणे ३० वर. द्रासच्या हिवाळ्यात कुठलं भरावं, हे या दोन आकड्यांतच कळतं. आणखी एक: पूर्ण चार्ज बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं उणे दहाच्या आसपासच गोठू लागतं आणि फुगून तिचं कवच तडकवतं.

तरीही बॅटरी बदलण्याआधी मीटर लावावा. ट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतात. सेल्फ मारताना त्यांच्या टोकांवर १९ पेक्षा बरेच कमी व्होल्ट दिसले, तर बॅटरी थकलेली. तिथे २२ दिसतायत आणि सेल्फ तरी कण्हतोय, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे: पांढरी भुकटी धरलेलं टर्मिनल, चेसिसवरचं गंजलेलं अर्थिंग नाहीतर खुद्द सेल्फ. सलग काही वेळा सेल्फ मारून टर्मिनलला हात लावावा. जे गरम लागेल तिथेच वीज अडतेय. दहा रुपयांच्या पॉलिश पेपरने सुटणाऱ्या दुखण्यावर हजारोंची बॅटरी विकली जाते, याची मला नेहमी चीड येते.

आता धूर. मदतनीसाला सायलेन्सरपाशी उभं करून सेल्फ मारायचा. गाडी जोरात फिरतेय, पण धुराचा मागमूस नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण न पेटताच वाफ होऊन बाहेर पडतंय. म्हणजे उष्णता कमी. या एका निरीक्षणाने अर्धे संशयित सुटतात, आणि त्याला खर्च शून्य.

धूर नसेल तर टाकीकडून सुरुवात करावी. डिझेलमध्ये पॅराफिन मेण विरघळलेलं असतं. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं हे मेण थंडीत वेगळं होऊ लागतं. आधी डिझेल गढूळ दिसतं, मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसून त्याची भोकं बुजवतात. टाकीतलं डिझेल अजून वाहतं असतं, पण फिल्टरपलीकडे थेंब जात नाही. म्हणून डिझेलची पारख नुसती ‘गोठलं का’ यावर होत नाही, ‘फिल्टरमधून जातं का’ यावरही होते. भारतीय मानकानुसार ही फिल्टर तुंबण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आणि हिवाळीसाठी ६ अंश आहे. प्रत्यक्षातलं डिझेल याहून बरं असू शकतं, पण पंपावर हमी तेवढीच. लासलगावचा कांदा घेऊन श्रीनगरकडे निघालेल्या गाडीने धुळ्यात टाकी फुल्ल केली आणि पुढे घाटात उणे पाचमध्ये रात्र काढली, तर सकाळी काय होईल ते सांगायला नको. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये पानिपतच्या रिफायनरीतून खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

रॉकेल मिसळण्याचा जुना तोडगा अगदीच खोटा नाही. रॉकेलमुळे मेण उशिरा सुटतं, पण ते आधी घालावं लागतं. एकदा सुटलेलं मेण गार टाकीत रॉकेल ओतून विरघळत नाही. शिवाय आजच्या कॉमन रेल (सगळ्या नोझलांसाठी एकाच नळीत दाबाखाली डिझेल साठवणाऱ्या) पद्धतीच्या पंपाला वंगण डिझेलच पुरवतं. रॉकेलचं वंगण कमी, म्हणजे एका सकाळच्या सोयीसाठी पंप आणि नोझल झिजवायचे. टाकीखाली शेकोटी करण्याबद्दल तर बोलूच नये. चेसिसला लागून एअर ब्रेकच्या नायलॉनच्या नळ्या गेलेल्या असतात. त्या वितळल्या तर गाडी सुरू होऊनही हलणार नाही.

फिल्टर स्वच्छ असूनही धूर नाही, तर एअर पकडलेली असणार. थंडीत रबरी पाइप कडक होतात, वायसर आकसतात आणि क्लिपखाली केसाएवढी फट पडते. तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते आणि लाइनमधलं डिझेल रात्रीतून टाकीकडे परततं. परीक्षा सोपी: हातपंपाने कडक होईपर्यंत डिझेल चढवल्यावर गाडी लगेच उचलत असेल, तर दोष याच वाटेवर आहे. कॉमन रेल गाडीत आणखी एक मेख असते. रेलमध्ये साधारण दोनशे बार दाब झाल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही. नोझल परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडू लागले, की सावकाश फिरणाऱ्या इंजिनात तो दाब साठत नाही. हे दुखणं उन्हाळ्यात झाकलेलं राहतं, थंडी ते उघडं पाडते.

पांढरा धूर असेल तर हिटर बघावा. मोठ्या ट्रकांत आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर विजेची तापती जाळी असते. रिले किंवा फ्यूज गेला तरी डॅशबोर्डवरचा दिवा आपला वेळ संपताच विझतो आणि ड्रायव्हरला वाटतं, हिटर झाला. चावी फिरवल्यावर हिटरच्या वायरवर व्होल्ट येतात का, हे मोजूनच बघायचं. अशा गाडीत ईथरचा स्प्रे मात्र कधीही मारू नये. तापत्या जाळीवर तो पडला तर इनटेकमध्येच भडका उडतो, पिस्टनही फुटू शकतो.

निफाडला पारा पाचाखाली जातो तेव्हा आपल्याकडेही गाड्या अडतात आणि ‘डिझेल जमलं’ अशी आवई उठते. तीन-चारशे लिटरची टाकी एका रात्रीत हवेइतकी गार होत नाही. तिथे मी आधी हिटरचा रिले आणि अर्थिंगच तपासेन.

गाडी सुरू झाली, पण पहिली पाच मिनिटं लडखडत पांढरा धूर सोडतेय, तर एखादा सिलिंडर पेटत नसतो. सुरू झाल्याबरोबर एक्झॉस्टच्या प्रत्येक फांदीवर पाण्याचा थेंब टाकावा. बाकीच्यांवर तो चर्रकन उडून जाईल, एकीवर तसाच बसेल. त्या सिलिंडरचा नोझल काढून तपासायला द्यायचा. तो चांगला निघाला, तर कंप्रेशन मोजायचं, आणि ते काम रस्त्याकडेला नाही, गॅरेजमध्येच होतं.