वनशास्त्राची पदवी घेतली की वन विभागात नोकरी पक्की? जाणून घ्या

बारावी सायन्सनंतर जंगल, माती, पाणी यांच्या संवर्धनाचं शिक्षण घ्यायचं असेल, तर बीएस्सी वनशास्त्र हा चार वर्षांचा पर्याय आहे. राज्यात दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत हा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते.

नोकरीचं काय?

इथेच अनेकांचा गैरसमज होतो. भारतीय वन सेवेत वनशास्त्राच्या पदवीधरांसाठी राखीव जागा नाहीत. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र, कृषी, इतकंच काय, इंजिनीअरिंगचे पदवीधरही यूपीएससीची हीच परीक्षा देतात. २०१३पासून पूर्वपरीक्षाही नागरी सेवेच्या उमेदवारांसोबतच होते.

मग फायदा काय?

मुख्य परीक्षेत वनशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. चार वर्षांचा अभ्यास तिथे कामी येतो. पदवीमुळे तयारीला बळ मिळतं, नोकरीची हमी नाही.