बालकांतील दीर्घकालीन श्वेतपेशी-न्यूनता आणि तिचे उपचार

जीवाणूंवर सर्वप्रथम तुटून पडणाऱ्या श्वेत रक्तपेशी म्हणजे न्यूट्रोफिल. अस्थिमज्जेतून बाहेर पडल्यावर रक्तप्रवाहात त्या जेमतेम काही तास राहतात. म्हणून मज्जेला रोज अब्जावधी नव्या पेशी घडवाव्या लागतात. रक्तातील न्यूट्रोफिलची संख्या ३ महिन्यांहून अधिक काळ कमी राहिल्यास ती न्यूनता दीर्घकालीन मानतात.

रक्तपेशींच्या मोजणीचा (सीबीसी) अहवाल हाती आला की पालक एकूण काउंट पाहतात. खरे उत्तर मात्र गुणाकारात असते. एकूण श्वेतपेशी ४,००० आणि न्यूट्रोफिल १२ टक्के असतील, तर निव्वळ संख्या ४८० भरते. १,५०० च्या खाली न्यूनता सौम्य, १,००० च्या खाली मध्यम आणि ५०० च्या खाली तीव्र समजतात. एकाच अहवालावरून निदान करू नये. साध्या विषाणुज्वरानंतरही काउंट काही काळ उतरतो.

उपचार कारणानुसार ठरतो. तान्ह्या मुलांत बहुधा शरीरातील प्रतिपिंडेच न्यूट्रोफिल नष्ट करतात. अशी बहुतेक बाळे चार-पाच वर्षांची होईपर्यंत आपोआप बरी होतात. त्यांना देखरेख पुरते. मुंबईच्या घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून येथे आणखी एक कारण आवर्जून तपासावे. आईला बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल आणि बाळ दीर्घकाळ केवळ अंगावरच्या दुधावर असेल, तर त्याच्या मज्जेतील पेशीनिर्मिती मंदावू शकते. हा दोष बी-१२ दिल्याने दूर होतो, आणि तो वेळीच ओळखला गेला नाही तर मेंदूच्या वाढीचेही नुकसान होते.

जन्मजात तीव्र प्रकार दुर्मीळ आहे. स्वीडनचे डॉ. रॉल्फ कोस्टमन यांनी १९५६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा अशी बहुतेक बालके संसर्गाने दगावत. पुढे जी-सीएसएफ हे मज्जेला चालना देणारे प्रथिन ई. कोलाय जीवाणूंकडून तयार करून घेता येऊ लागले आणि १९९० च्या दशकात चित्र पालटले. औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. त्वचेखाली द्यायचे हे इंजेक्शन घरीच द्यायला आईवडील शिकून घेतात. हाडे दुखणे हा त्याचा नेहमीचा त्रास. या आजारात रक्ताच्या कर्करोगाचा धोका असल्यामुळे मज्जेची नियमित तपासणी मात्र टाळता येत नाही.

जनुकीय निदानासाठी परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. औषधाला दाद न देणाऱ्या मुलांसाठी मज्जा प्रत्यारोपण हा मार्ग उरतो. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. बोरिवली पूर्वेला महानगरपालिकेचे थॅलेसेमिया व बाल-रक्तविकार केंद्र असून तेथे प्रत्यारोपणाची सोय आहे. इतका खर्चिक उपचार सार्वजनिक रुग्णालयात व्हावा, ही उपनगरांसाठी फार मोलाची गोष्ट आहे.

काउंट ५०० च्या खाली असलेल्या मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रतिजैविक शिरेतून लगेच सुरू करावे लागते. तोंडातील फोड आणि सुजलेल्या हिरड्या याही खुणा डॉक्टरांना दाखवाव्यात. ताप गुदद्वारातून मोजू नये.